समुद्राकाठच्या घराची बाग : आधी वारा, मग माती, झाडं शेवटी

समुद्राकडच्या खिडकीची काच दोन दिवस पुसू नका. तिसऱ्या दिवशी तिच्यावरून बोट फिरवा आणि जिभेला लावून पाहा. खारट लागेल. किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा फेसातले बुडबुडे फुटून अगदी बारीक थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतात. तुम्ही जे काही लावणार आहात त्याच्या प्रत्येक पानावर हेच मीठ रोज बसणार आहे.

किनाऱ्यावर ऐसपैस घर बांधणाऱ्यांची बाग बहुतेक वेळा चित्रावरून ठरते. पार समुद्रापर्यंत गेलेली हिरवळ, दोन बाजूंना उंच ताड, मधे जलतरण तलाव. कंत्राटदार तयार झाडं क्रेनने आणून उभी करतो, गृहप्रवेशाला फोटो छान येतात, आणि पुढचा वादळी ऋतू आला की अर्धी बाग करपते. मग खतं, औषधं, नवी झाडं. पैसा कितीही असला तरी वाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

मीही हीच चूक केली आहे. पहिल्यांदा समुद्राकाठी बाग केली तेव्हा समुद्राकडच्या अंगाला जास्वंदीची लांबच लांब रांग लावली. वर्षभर छान वाढली. मग एका रात्री सोसाट्याचा वारा सुटला, पाऊस मात्र नाही. तीन-चार दिवसांत पानं कडेकडेने तपकिरी होऊन गळायला लागली. पण रांगेतली पाच झाडं हिरवीगार होती. ती पाण्याच्या टाकीच्या आड होती. टाकी जिथे संपली तिथेच हिरवा रंग संपला होता, जणू कोणी पट्टी ठेवून रेघ मारली. जात तीच, माती तीच, खत तेच, फरक फक्त आडोशाचा. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: वारा, माती, पाणी, आडोसा, आणि त्यानंतर झाडं. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पहिली पायरी : चिंध्या बांधा

बांबूच्या दहा-बारा काठ्या घ्या आणि आवारात ठिकठिकाणी रोवा. प्रत्येक काठीला एक चिंधी गुडघ्याच्या उंचीवर आणि एक डोक्याच्या उंचीवर बांधा. जुन्या सुती चादरीच्या सारख्या मापाच्या पट्ट्या चालतील. मग कागदावर आवाराचा कच्चा नकाशा काढून रोज सकाळ-संध्याकाळ चिंधी कुठे उडते त्याचे बाण मारा. दिवसा जमीन तापते तेव्हा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री तो उलटतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तुमच्या घराच्या कोपऱ्यापाशी तो काय करतो ते कोणत्याच पुस्तकात नसतं. दोन इमारतींच्या फटीतून वारा जास्त जोरात सुटतो, घराच्या कोपऱ्यावरून वळताना वेग घेतो, आणि उंच भिंतीच्या मागे गरगर फिरतो.

दोन-तीन महिन्यांनी चिंध्या सोडवून शेजारी शेजारी ठेवा. जिची कड सगळ्यात जास्त विरलेली, तिथे वारा सगळ्यात जास्त. वनशास्त्रातली मंडळीही उघड्या जागी किती वारा लागतो हे मोजायला कापडाच्या झेंड्या लावतात आणि कापड किती झिजलं ते पाहतात. त्यामुळे ही नुसती घरगुती युक्ती आहे असं समजू नका. आणि एक हिशेब लक्षात असू द्या: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून विरलेल्या चिंधीची जागा आणि धड राहिलेल्या चिंधीची जागा या बागेच्या दृष्टीने दोन वेगळ्या जमिनीच समजायच्या.

याच काळात आजूबाजूला चक्कर मारा. फुललेल्या बागा पाहू नका, जुनी झाडं पाहा. फुललेलं झाड गेल्या महिन्यात कुंडीतून आलेलं असू शकतं. वीस वर्षांचं झाड मात्र वीस वर्षं तिथेच टिकलेलं असतं. एकाच बाजूला केस विंचरल्यासारखी वाढलेली झाडं दिसली की वाऱ्याची नेहमीची दिशा कळलीच.

घाई असेल त्यांनी निदान एक वादळी ऋतू तरी जाऊ द्यावा. तोवर कुंड्या ठेवा.

दुसरी पायरी : मातीची चार मिनिटांची परीक्षा

हातभर खोल खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. निव्वळ वाळू असेल तर दुसरं पाणीही चार-पाच मिनिटांत नाहीसं होईल. म्हणजे घातलेलं खतही त्याच वाटेने जाणार. याउलट पाणी तासन्‌तास उभं राहिलं तर खाली भराव किंवा बांधकामाचा राडारोडा आहे. नव्या घरांत हे फार आढळतं: वर हातभर सुंदर लाल माती आणि तिच्याखाली सिमेंटचे गोळे, विटा, टाइल्सचे तुकडे. तो राडारोडा उपसून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिमेंटमुळे माती चुनखडीसारखी होते आणि मुळं तिथे अडतात.

दुसरी परीक्षा व्हिनेगरची. मूठभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत शंख-शिंपल्यांचा चुना आहे. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक्झोरा आणि गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत, यांना हा त्रास पटकन होतो. असल्या मातीत त्यांचा हट्ट धरायचाच असेल तर कुंडीत लावा.

तिसरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. मातीची विद्युतवाहकता मोजून घ्या. हे नाव ऐकून दचकू नका, मातीत क्षार किती आहेत एवढंच ते सांगतं. मातीच्या संपृक्त अर्कात, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात, 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर आकडा आला की ती जमीन खारी धरतात.

वाळूत सुधारणा करायची म्हणजे चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालायचं आणि वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकायचं. एकदाच ट्रकभर टाकून भागत नाही. वाळूतलं सेंद्रिय खत लवकर जिरून जातं, म्हणून दरवर्षी थोडं थोडं टाकावं लागतं. किनाऱ्यावरची वाळू उचलून वाफ्यात मात्र टाकू नका. ती खारी असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती उचलणं हा गुन्हाही असतो.

तिसरी पायरी : पाणी कुठून आणि किती गोडं

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते कोणी झाडांना घालत नाही. पण विहीर किंवा बोअरवेल किनाऱ्याजवळ असेल तर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर जितकी, त्याच्या साधारण 40 पट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी राहतं, असा एक जुना आणि आजही वापरात असलेला ठोकताळा आहे. आता तो उलटा वाचा. पंप लावून पातळी एक मीटर खाली नेली, तर कालांतराने खालचं खारं पाणी 40 मीटर वर येऊ शकतं. हिरवळीसाठी रात्रंदिवस बोअर चालवणारे स्वतःची विहीर तर खारी करतातच, शेजाऱ्याचीही करतात.

म्हणून पाण्याची वाहकताही दर ऋतूत तपासा. ती 0.7 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. 3 च्या वर गेली तर बहुतेक बागेच्या झाडांना ते सोसत नाही. मधल्या पाण्यावर बाग होते, पण ते पानांवर पडता कामा नये. अशा वेळी तुषार सिंचन नको, ठिबक हवं. आणि अधूनमधून गरजेपेक्षा जास्त पाणी सोडून मुळांजवळ साठलेलं मीठ खाली धुऊन काढायचं. रोज शिंपडल्यासारखं थोडं थोडं पाणी घातलं की वरच्या थरात क्षार साठत जातात. दोन-तीन दिवसांनी एकदाच, पण खोलवर पाणी देणं चांगलं. रोप लहान असतानाच ही सवय लागली की मुळंही खाली उतरतात. पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल तर त्याचं पाणी बागेकडे वळवू नका, त्यात सोडियम असतं.

छपराचं पाणी साठवा. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. 200 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटरची एक सर आली तर दोन हजार लिटर. कोरड्या काळानंतरचं पहिलं पाणी सोडून द्या, त्यात छपरावरचं मीठ उतरलेलं असतं.

चौथी पायरी : आडोसा, आणि देखाव्याशी होणारं भांडण

इथेच खरी बाग ठरते, आणि घरातली भांडणंही इथेच होतात. समुद्र दिसावा म्हणून तर एवढं महागाचं घर घेतलं. आता त्याच्यासमोर झाडांची भिंत कोण उभी करेल?

पहिली गोष्ट, भिंत नकोच. पक्की भिंत वारा अडवते असं वाटतं, पण वारा तिच्यावरून उडी मारून मागे भोवरा करतो आणि भिंतीमागची झाडं मुळापासून हलवतो. निम्मा वारा अडवणारा आणि निम्मा जाऊ देणारा आडोसा सगळ्यात चांगला. झुडपांचं कुंपण, फटी ठेवलेली लाकडी पट्ट्यांची जाळी, किंवा पन्नास टक्क्यांची शेडनेट. अशा आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मागे वारा मंदावलेला जाणवतो. म्हणजे दोन मीटर उंच कुंपणाच्या मागे वीसेक मीटरपर्यंत. अर्थात लगेच मागच्या पट्ट्यात जास्त फायदा, पुढे कमी कमी होत जातो.

दुसरी गोष्ट, आडोशाचा आकार चढणीसारखा हवा. समुद्राकडे जमिनीलगत पसरणाऱ्या वेली आणि गवत, त्यामागे गुडघाभर झुडपं, त्यामागे पुरुषभर उंच झुडपं, आणि सगळ्यात मागे झाडं. वारा त्या उतारावरून वर चढून घराच्या डोक्यावरून जातो. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर निसर्ग हेच करतो. झुडपं दोन-तीन ओळींत, पण एकाआड एक अशी लावा. पुढच्या दोघांच्या फटीत मागचं एक यावं.

आता देखाव्याचं. घरात समुद्र कुठून पाहिला जातो ते मोजा. बहुतेक घरांत दोन-तीनच जागा निघतात: झोपाळा, जेवणाचं टेबल, झोपायच्या खोलीतली खिडकी. त्या प्रत्येक जागी स्वतः बसा. उभं राहून पाहू नका, कारण तिथे कोणी उभं राहत नाही. दुसऱ्याला काठी घेऊन बागेत उभं करा आणि क्षितिजाची रेघ काठीवर कुठे येते तिथे खूण करून घ्या. झुडपांची उंची त्या खुणेच्या चार बोटं खाली ठरवा. मी जिथे जिथे हे केलं तिथे लोकांना आश्चर्य वाटलं, कारण बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर जी मोठी पट्टी येते ती बहुतेक हिरवळ, कुंपण आणि रिकामी वाळू असते. समुद्र वरच्या अरुंद पट्टीत असतो. खालची पट्टी झुडपांनी भरली तर गमावण्यासारखं काहीच नसतं.

झाडांच्या बाबतीत खालच्या फांद्या काढून खोड मोकळं ठेवता येतं, म्हणजे खोडांमधून पाणी दिसतं. मात्र सगळ्यात पुढच्या ओळीत हे करू नका, कारण वारा मग खोडांखालून जास्तच जोराने घुसतो. समुद्राकडे जायची वाट कुंपणातून सरळ काढली तर ती नळीच होते. वाट तिरकी काढा किंवा मधे एक वळण घाला. वळणाआड एकदम समुद्र दिसतो तो जास्त सुंदर वाटतो, हे माझं प्रामाणिक मत. काचेचे पडदे हा आणखी एक पर्याय. देखावा राहतो, वारा थांबतो, पण मिठाचा थर सतत पुसावा लागतो, आणि पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून त्यावर खुणा कराव्या लागतात.

आडोसा बागेला किती तारतो याचं मला आवडणारं उदाहरण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांमधलं. तिथल्या ट्रेस्को बेटावर ऑगस्टस स्मिथ यांनी 1834 नंतर बाग उभी करायला घेतली. उघडं, वाऱ्याचं बेट. त्यांनी भिंती घातल्या, मागे आडोशाची झाडं वाढवली, मुख्यतः मॉन्टेरे जातीचे पाइन आणि सायप्रस. त्या आडोशामागे त्या अक्षांशावर एरवी उघड्यावर न टिकणारी उष्ण प्रदेशातली झाडं वाढली. 1990 च्या जानेवारीतल्या वादळात आडोशाची असंख्य झाडं कोसळली तेव्हा आधी आडोसाच नव्याने लावावा लागला.

पाचवी पायरी : झाडं, तीन फळ्यांत

आता कुठे नर्सरीची वाट धरायची. नर्सरीत पानाला हात लावून पाहायची सवय लावा. मीठ सोसणारं पान सहसा चार प्रकारचं असतं: जाड आणि मेणचट, रुपेरी लव असलेलं, सुईसारखं बारीक, किंवा जमिनीला चिकटून असणारं. पातळ, रुंद, मऊ पान दिसलं की ते घरामागे. केळ, हेलिकोनिया, नेचे यांची पानं वाऱ्याने फाटतात, नाहीतर करपतात.

पहिली फळी थेट समुद्रासमोरची. उष्ण किनाऱ्यावर इथला राजा म्हणजे मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल वाळूवर भराभर पसरते आणि वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती उगवते, आणि नावही तेच सांगतं. तिच्याबरोबर केवडा. पण केवड्याच्या पानांना काटे असतात आणि तो अस्ताव्यस्त वाढतो, त्यामुळे वाटेपासून लांब. झुडपांत कोयनेल उत्तम: मीठ सोसते, कापली तशी राहते, पांढरी फुलं येतात. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचं समुद्रद्राक्ष थाळीसारख्या गोल, जाड पानांनी फार देखणं दिसतं आणि वाऱ्यासमोर उभं राहतं.

थंड किनाऱ्यावर हेच काम टॅमरिस्क, एस्कॅलोनिया, ग्रिसेलिनिया, आणि जमिनीलगत थ्रिफ्ट व सी-हॉली करतात. कोरड्या उन्हाळ्याच्या भूमध्यसागरी हवामानात रोझमेरी, लॅव्हेंडर आणि पिटोस्पोरम.

दुसरी फळी झाडांची. उंडी माझी सगळ्यात आवडती. चकचकीत जाड पानं, सुवासिक पांढरी फुलं, गर्द सावली, आणि वाऱ्याची पर्वा नाही. वाढते मात्र सावकाश. भेंड लवकर वाढतो, त्याची पिवळी फुलं संध्याकाळपर्यंत तांबूस होतात. करंज, चिकू हेही चांगलेच टिकाऊ. फळझाडात काही हवं असेल तर चिकूइतकं किनाऱ्याला मानवणारं दुसरं क्वचितच. नारळ लावा, पण बसायच्या जागेवर, गाड्यांवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर नको. पडणारा नारळ माणूस पाहून पडत नाही. सुरू फार वेगाने वाढतो म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात, पण त्याच्या सुयांच्या गालिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, आणि आपल्या मूळ प्रदेशाबाहेर, उदाहरणार्थ फ्लोरिडात, त्याला उपद्रवी झाड धरतात.

ही उपद्रवाची गोष्ट जरा गंभीर आहे. एका किनाऱ्यावरचं गुणी झाड दुसऱ्या किनाऱ्यावर तण होतं. दक्षिण आफ्रिकेतलं कार्पोब्रोटस हे रसाळ पानांचं रोप वाळू धरायला म्हणून कॅलिफोर्निया आणि भूमध्यसागराच्या काठी नेलं, तर त्याने तिथल्या मूळ वनस्पतींनाच गिळायला सुरुवात केली. पूर्व आशियातल्या रुगोसा गुलाबाने उत्तर युरोपच्या वाळूच्या टेकड्यांवर तेच केलं. म्हणून यादी कोणाचीही असो, अगदी माझीही, लावण्याआधी आपल्या भागात ते झाड उपद्रवी यादीत नाही ना, एवढं पाहाच. स्थानिक झाडं घेतली तर हा प्रश्नच येत नाही. ब्राझीलचे रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी विसाव्या शतकात हेच करून दाखवलं. श्रीमंतांच्या बागांत युरोपातली झाडं लावायची फॅशन असताना ते आपल्याच किनारपट्टीवरच्या रेताड जमिनीतल्या वनस्पती शोधून बागेत आणत. रिओजवळची त्यांची बाग 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तिसरी फळी घराच्या आडोशाला. इथे चाफा, बोगनवेल, कण्हेर, जास्वंद निर्धास्त लावा. यांतले पहिले तिघे दुसऱ्या फळीच्या जरा पुढेही चालतात. बोगनवेलीला कोरडी जागा आणि कडक ऊन द्या, पाणी जास्त झालं तर नुसती पानं येतात. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, तिच्या छाटलेल्या फांद्या जाळूही नका. लहान मुलं किंवा जनावरं असतील तर ती नकोच. गुलाब, अनंत, नेचे ही सगळी नाजूक मंडळी मागच्या अंगणात. भाज्यांत बीट आणि शतावरीच्या कुळातला अ‍ॅस्परॅगस क्षार बऱ्यापैकी सोसतात, तर घेवडा, गाजर, कांदा लगेच कुरकुरतात.

सहावी पायरी : लावणी

लहान रोपं घ्या. क्रेनने आणलेलं दहा फुटी झाड आणि हातभर रोप शेजारी लावलं तर काही वर्षांत लहान रोप पुढे निघून जाताना मी पाहिलं आहे. लहानपणापासून वारा खाल्लेलं खोड बुंध्याशी जाड होतं. मोठं झाड मात्र तणावे लावून उभं राहतं आणि ते काढले की डुलायला लागतं.

वारा मंद असतो आणि पाऊस जवळ आलेला असतो तेव्हा लावा. खड्डा मुळांच्या गड्ड्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. खड्ड्यात भरपूर खत भरून बाहेर सगळी वाळू ठेवली तर मुळं खड्ड्यातच गोल फिरत राहतात, म्हणून पूर्ण वाफाच सुधारा. आधाराची काठी खोडाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर बांधा आणि सैल बांधा. झाडाला हलता आलं पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं समुद्राकडून तात्पुरती शेडनेट लाकडी खांबांवर ताणून बांधा. दिसायला वाईट दिसते, कबूल. तिच्याशिवाय पहिली फळी उभी राहायला दुप्पट वेळ लागतो.

हिरवळ, फरसबंदी, दिवे

हिरवळ हवीच असेल तर अनवाणी चालण्यापुरती लहान. सीशोर पास्पालम जातीचं गवत खारं पाणी इतरांपेक्षा जास्त सोसतं. हरळीही चांगली टिकते.

लोखंड बागेत आणू नका. खिळे, बिजागऱ्या, दिव्यांचे स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. नेहमीच्या 304 वर समुद्राकाठी लवकर तांबूस डाग पडतात. दिव्यांसाठी पितळ किंवा तांबं टिकतं.

दिव्यांची दिशा खाली ठेवा, समुद्राकडे नको. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर तर हे फारच महत्त्वाचं. वाळूतून बाहेर पडलेली पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे जातात, आणि तुमच्या बागेतला पांढरा दिवा त्यांना समुद्राऐवजी कुंपणाकडे ओढून नेतो. त्या काळात समुद्राकडचे दिवे बंद, नाहीतर पिवळट-तांबूस आणि झाकलेले.

भरतीरेषेपासून किती अंतरावर काय करता येतं याचे कायदे जवळपास सगळीकडे आहेत. फरसबंदीचा विचार करायच्या आधी ते वाचा. आवाराबाहेरच्या वाळूच्या टेकडीवरची वेल ‘साफ’ करण्याचा मोह तर अजिबात नको. तुमच्या घरापुढची पहिली फळी तीच आहे, आणि ती तुम्हाला फुकट मिळाली आहे.

निगा

वादळ किंवा कोरडा खारा वारा येऊन गेला की चोवीस तासांच्या आत नळीने सगळ्या पानांवर गोडं पाणी मारा. बागेच्या निगेत एवढं एक काम न चुकता केलं तर बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

पान करपलं की आधी कोणत्या अंगाने ते पाहा. फक्त समुद्राकडची पानं तपकिरी असतील तर हवेतलं मीठ. सगळ्या झाडावर जुनी पानं टोकाकडून करपत असतील तर मीठ मुळांशी आहे, म्हणजे पाणी तपासा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुना. तिथे लोहाचं साधं खत वाया जातं, ईडीडीएचए या चिलेट रूपातलं, म्हणजे चुन्याच्या मातीतही झाडाला घेता येणारं, लोह लागतं. खतं थोडी थोडी आणि सावकाश विरघळणारी द्या, कारण वाळूतून निसटलेलं खत सरळ समुद्रात जातं. पोटॅश द्यायचं तर सल्फेटच्या रूपातलं, क्लोराइड नको. क्लोराइड इथे आधीच खूप आहे.

पुढच्या ओळीतल्या झुडपांच्या समुद्राकडच्या फांद्या वाळलेल्या दिसतील आणि कात्री घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. त्या वाळक्या काटक्याच मागच्या हिरव्या फांद्यांना वारा लागू देत नाहीत. कापल्या की पुढच्या वाऱ्यात त्यामागची फळी करपते, मग ती कापावीशी वाटते, आणि असं करत करत झुडूप मागे सरकत जातं. वारा मंद असेल त्या ऋतूत, नवी फूट आल्यावर, हलक्या हाताने फक्त वरचं टोक छाटा म्हणजे खाली दाट होईल.

तिसऱ्या वर्षी शेडनेट काढायची वेळ येते. सगळी एकदम काढू नका. आधी वरची अर्धी गुंडाळा आणि महिनाभर पाहा. नवी पानं न करपता टिकली तर खालचीही सोडा. खांब मात्र आणखी एक वादळी ऋतू तसेच उभे ठेवा.